उतरणीचा इतिहास



मराठवाड्यातल्या श्रोत्यांपुढे बोरघाटाचा इतिहास सांगावयाचा, म्हणजे प्रथम त्याचा आपल्याशी संबंध काय, हे सांगणे आले. तो संबंध माहूरचा आहे, आणि तसा जुनाच आहे. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने कोकणात उतरला. त्या फौजेत माहूरची देशमुखीण सावित्रीबाई होती. मोगल दरबारने तिला रायबागन हा किताब दिला होता. उंबरखिंडीच्या रानात शिवाजीमहाराजांनी ती फौज कोंडली. पुढची वाट बंद झाली आणि मागे चढून जाणेही शक्य राहिले नाही. परमानंदाच्या शिवभारतात ह्या प्रसंगाचे विस्ताराने वर्णन आहे. रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने तो मानला आणि फौज वाचली. लढाईच्या दृष्टीने ह्या प्रसंगाची चर्चा पुष्कळांनी केली आहे. माझे लक्ष मात्र एका साध्या गोष्टीकडे जाते. घाट उतरणे सोपे असते. उतरत असताना हवे तेथे थांबणे आणि हवे तेव्हा माघारी वळणे ही निराळी विद्या आहे. आज मी बोलणार आहे ते ह्या दुसऱ्या विद्येविषयी. फौजेपेक्षा गाड्यांच्या बाबतीत तिचा इतिहास अधिक स्पष्ट दिसतो.

गाडी घाटात आली ती फार उशिरा. शतकानुशतके बोरघाटातून माल गेला तो बैलांच्या पाठीवरून. ओझ्याचा बैल उतरणीवर प्रत्येक पावलाला थांबतच उतरतो. खूर रोवावा, भार तोलावा, मग पुढचा खूर उचलावा. त्याला ब्रेक नको. १८०४ मध्ये आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा वेलिंग्टन, ह्याने तोफा नेण्याजोगी वाट करून घेतली, आणि १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याच्या हस्ते चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. घाटात चाक आले आणि थांबण्याचा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला. चाकाचा सगळा गुण घर्षण कमी करण्यात आहे आणि उतरणीवर तोच गुण जिवावर उठतो. मग गाडीवान चाकाच्या आऱ्यांत दांडा घालून चाक अडवितो, नाहीतर गाडीच्या मागे झाडाची जड फांदी बांधून ती फरफटत नेतो. चाकाने घालविलेले घर्षण तो असे उसने आणतो.

ह्यानंतर रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्यापर्यंत २१ मैलांवर पहिली गाडी धावली, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा खरा डाव सह्याद्री चढण्याचा होता, कारण वऱ्हाड-खानदेशचा कापूस आणि दख्खनचा माल घाटावर होता, आणि बंदर घाटाखाली होते. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले ह्याने दोन घाट निवडले, पुण्याकडे बोरघाट आणि नाशिककडे थळघाट. बोरघाटाचा चढ पावणेसोळा मैलांहून थोडा अधिक लांब आहे. तेवढ्यात गाडी १८३१ फूट वर जाते. वाटेत २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधावे लागले. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. पहिला कंत्राटदार फॅविएल ह्याने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून थोड्याच दिवसांत वारला. ते कंत्राट त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने दोन इंजिनिअरांच्या साहाय्याने पुरे करून घेतले. पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या मजुरांची गणना हजारांत जाते, आणि त्यांची नावे कोठेही नाहीत. बर्कले स्वतः १८६२ मध्ये मरण पावला. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर ह्याने घाट खुला केला, तो सोहळा पाहण्यास बर्कले राहिला नाही. थळघाट १८६५ च्या १ जानेवारीला सुरू झाला.

हा सगळा चढण्याचा इतिहास झाला. पुस्तकांत हाच आहे, चित्रांत हाच आहे. पण जी गाडी चढली ती उतरणारही होती, आणि उतरणाऱ्या गाडीला आवरणारे यंत्र १८६३ मध्ये काय होते, हे विचारले तर उत्तर अंगावर काटा आणणारे आहे. हातब्रेक होते. इंजिनावर एक, मागच्या गार्डच्या डब्यात एक आणि मधल्या काही डब्यांत ब्रेकवाली माणसे. इंजिनाची शिट्टी झाली की त्यांनी चाके फिरवून ठोकळे चाकांवर आवळावयाचे आणि दुसरी शिट्टी झाली की सैल करावयाचे. घाटासाठी मुद्दाम बनविलेल्या टाकीवाल्या इंजिनांना आणखी एक साधन दिले होते, चाकाऐवजी थेट रुळावर दाबले जाणारे घसरब्रेक. गाडीवानाची फरफटणारी फांदीच ती, फक्त लोखंडाची.

आता थोडे गणित करू. श्रोत्यांनी भिऊ नये, बाजारहिशेबाहून ते अवघड नाही. ३७ स १ ह्या उतारावर दर टन वजनामागे सुमारे २७ किलो जोर गाडीला खाली ओढतो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक इतके हलके फिरते की त्याचा स्वतःचा अडथळा टनामागे तीन-चार किलोंच्या घरात असतो. म्हणजे तेवीस-चोवीस किलो जोर मोकळा राहतो. अशी गाडी ब्रेकावाचून सुटली तर पहिल्या मिनिटाअखेर ती ताशी ५० किलोमीटर वेग गाठते आणि पहिला मैल संपताना शंभराच्या जवळ जाते. सडकेवरची बैलगाडी एवढ्या उतारावर सोडली तर कदाचित हलणारही नाही. ज्या गुणामुळे रेल्वेला शंभर बैलांचे ओझे एका इंजिनाने ओढता येते, तोच हा गुण.

बोरघाटात ह्या संकटावर भर घालणारी एक वस्तू होती, ती म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराची धार इतकी अरुंद की तेथे रूळ वळविण्यास जागा नव्हती. म्हणून गाडी एका टोकाला नेऊन उभी करावयाची, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडावयाचे, आणि उलट दिशेने पुढचा उतार धरावयाचा. नकाशावर ही युक्ती सुरेख दिसते. पण तिचा अर्थ असा की खंडाळ्याकडून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीने त्या टोकाला थांबलेच पाहिजे, कारण त्यापुढे रूळ नाही, दरी आहे. १८६९ च्या जानेवारीत तेच घडले. उतरणारी एक गाडी आवरेना. ती त्या टोकाला थांबली नाही आणि माणसे मेली. लंडनच्या सचित्र पत्रांतून ह्या अपघाताची चित्रे छापून आली. त्या गाडीवर ब्रेक नव्हता असे नाही. ब्रेक होता आणि तरी तो पुरला नाही. का पुरला नाही, ह्याचे उत्तर त्या काळी फारसे कोणाजवळ नव्हते.

नव्हते, कारण घर्षणाचे जे शास्त्र तेव्हा शिकविले जाई ते अर्धे होते. फ्रान्समधील आमाँताँ ह्याने १६९९ मध्ये आणि कुलोंब ह्याने १७८१ च्या आपल्या पारितोषिकप्राप्त निबंधात जे नियम मांडले, त्यांतला गाभा असा: घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते, आणि घासण्याच्या वेगाशी त्याचा फारसा संबंध नाही. सावकाश चालणाऱ्या यंत्रांना हा नियम चालतो. म्हणून इंजिनिअर समजत की ठोकळा ठराविक जोराने आवळला की तो ठराविक जोरानेच चाक अडविणार, गाडी हळू असो की वेगात असो. ब्रेकवाल्याच्या मनगटाचा अनुभव निराळे सांगत असला पाहिजे. पण मनगटाची साक्ष नोंदविण्याची त्या काळी पद्धत नव्हती.

ती साक्ष यंत्राने नोंदविली १८७८ मध्ये. इंग्लंडात कॅप्टन डग्लस गॅल्टन आणि अमेरिकेचा जॉर्ज वेस्टिंगहाऊस ह्या दोघांनी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेवर एक खास डबा चालविला. ब्रेकचा ठोकळा चाकाला किती जोराने धरतो, चाक रुळाला किती ओढते, वेग किती, हे सारे त्या डब्यातील यंत्रे कागदावर आपोआप रेखीत. गॅल्टन हा मूळचा लष्करी इंजिनिअर. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या मावसबहिणीचा नवरा, आणि तिच्या मताप्रमाणे रुग्णालये बांधणारा. रोग्यांची हवा मोजणाऱ्या माणसाने ब्रेकही मोजले, ह्यात मला विसंगती दिसत नाही. मोजल्यावाचून बोलावयाचे नाही, ही सवय दोन्हीकडे एकच.

त्या कागदांवर जे उमटले ते असे. ओतीव लोखंडाचा ठोकळा पोलादी चाकावर धरला असता, गाडी थांबण्याच्या बेतात असताना दाबाचा सुमारे तिसरा हिस्सा, म्हणजे ०.३३ इतके घर्षण मिळते. ताशी १० मैलांवर ते ०.२४ होते, ३० मैलांवर ०.१६, ४० वर ०.१४, आणि ६० मैलांवर अवघे ०.०७. चार-पाच पटींचा फरक! शिवाय ठोकळा जितका वेळ घासत राहील तितकी त्याची पकड उतरत जाते. आणि तिसरी गोष्ट सर्वांना चकित करणारी: चाक पुरते अडकून रुळावर घसरू लागले की गाडीला मिळणारा अडथळा वाढत नाही, उलट पुष्कळच घटतो. फिरत्या चाकाची पकड घसरत्या चाकाहून कितीतरी सरस ठरली.

हे आकडे बोरघाटात आणून बसवू. समजा, गाडीच्या एकूण वजनापैकी पाचव्या हिश्श्याच्या चाकांनाच ब्रेक आहे आणि ठोकळ्यांचा दाब त्या चाकांवरच्या वजनाइतका आहे. ताशी १० मैलांवर अशा गाडीला दर टनामागे ४८ किलो अडथळा मिळतो. उतार ओढतो २७ ने. गाडी खुशाल थांबेल. ताशी ४० मैलांवर तोच ब्रेक देतो २८, म्हणजे कशीबशी बरोबरी. ६० वर देतो १५. आता ब्रेकवाल्याने कितीही आवळले तरी गाडी वेग घेतच जाणार, आणि जितका वेग वाढेल तितका ब्रेक आणखी दुबळा होणार. म्हणजे उतारावर एक अदृश्य रेषा असते. तिच्या अलीकडे गाडी माणसाच्या ताब्यात असते, पलीकडे नसते. ब्रेक तोच, माणूस तोच, उतार तोच. शिट्टी देण्यास अर्धे मिनिट उशीर झाला तर ती रेषा ओलांडली जाते. पावसाळ्यात तर दोन्हीकडून पेच. हळू गाडीवर ठोकळा घट्ट धरतो म्हणून ओल्या रुळावर चाक अडकते आणि घसरते. अशा वेळी चाकाखाली कोरडी वाळू सोडावी लागते, आणि त्यासाठी इंजिनावर वाळूची पेटी असते. सह्याद्रीतला आषाढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती वाळू कोरडी ठेवणे हेच केवढे काम असेल ते सांगावयास नको.

घाटातल्या माणसांनी ह्यावर जो उपाय रूढ केला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. उताराच्या वाटेत मध्येच एक फाटा काढावयाचा. तो डोंगराच्या अंगावर वर चढत जातो आणि वाळूत संपतो. सांधा नेहमी ह्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने त्याच्यापुढे येऊन पूर्ण थांबावयाचे. ती थांबली, तिचा ब्रेक शाबूत आहे हे सिद्ध झाले, की मगच सांधा मुख्य रुळाकडे फिरतो. जी थांबू शकली नाही ती आपोआप फाट्यावर चढते आणि वाळूत रुतते. नवख्या प्रवाशाला वाटते, गाडी उगाच ह्या रानात का उभी राहिली! गॅल्टनचे आकडे डोळ्यांपुढे ठेवले की त्या थांबण्याचे मर्म कळते. प्रत्येक थांब्याला गाडीचा वेग शून्यावर येतो, आणि मग त्या अदृश्य रेषेपर्यंत पोचण्यास तिला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतर देशांच्या इतिहासाशी एकरूप आहे. वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये हवेच्या दाबाचा ब्रेक केला आणि १८७२ मध्ये तो स्वयंचलित केला. नळी तुटली की ब्रेक सुटण्याऐवजी लागावा, अशी उलटी रचना. वेग उतरेल तसा ठोकळ्यांचा दाब उतरविणारी झडपही त्याने योजली. तिची गरज गॅल्टनच्या प्रयोगांनीच दाखवून दिली होती. आपल्याकडे दीर्घकाळ चालला तो निर्वात ब्रेक, ज्यात नळीतली हवा ओढून घेऊन ब्रेक सैल ठेवतात आणि आत हवा शिरू दिली की तो लागतो. ही स्वयंचलित रचना कायद्याने सक्तीची होण्यास आयर्लंडमध्ये आर्मा येथे १२ जून १८८९ ला सहलीची गाडी चढावर तुटून मागे घरंगळावी लागली. सुमारे ८० माणसे गेली आणि त्यांत मुले पुष्कळ होती. पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा केला. बोरघाटच्या अपघाताला तेव्हा वीस वर्षे उलटली होती. घरंगळणाऱ्या गाडीचा धडा विलायतेत घडल्यावाचून विलायतेने घेतला नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

स्वयंचलित ब्रेकनेही घाटाचा एक प्रश्न सुटला नाही, आणि तो म्हणजे उष्णतेचा. ४०० टनांची गाडी १८३१ फूट खाली आणावयाची, म्हणजे तिच्या उंचीत साठलेली सारी शक्ती वाटेत कोठेतरी खर्च झाली पाहिजे. ती ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णता होऊन जाते. ती सगळी एका ठिकाणी गोळा केली तर साडेसहा टन थंड पाणी उकळीला आणील. ठोकळे तापले की पकड जाते, हे गॅल्टनने दाखविलेच होते. खाली उतरलेल्या गाडीच्या चाकांना हात लावण्याची सोय नसे.

ह्या उष्णतेला वाट मिळाली ती विजेमुळे. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला मुंबई-कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि १९२९ मध्ये बोरघाटातून पुण्यापर्यंत तारा पोचल्या. त्याच सुमारास रिव्हर्सिंग स्टेशनचा मार्ग सोडून नव्या बोगद्यांतून रूळ नेले, आणि ते दरीकाठचे टोक इतिहासजमा झाले. ह्या घाटांसाठी १९२८ पासून जी विजेची मालगाडी-इंजिने आली, स्विस कारखान्याच्या बनावटीची, बुटक्या नाकाची आणि दांड्यांच्या चाकांची, त्यांना रेल्वेची माणसे खेकडा म्हणत. उतरताना ह्या खेकड्याच्या मोटारी उलट काम करीत. चाके मोटारीला फिरवीत, मोटार वीज निर्माण करी, आणि ती तारेत परत जाई. समोरून कोणी गाडी चढत असेल तर ती वीज तिच्या उपयोगी पडे. उतरणारी गाडी चढणारीला हात देते! रहाटाचे भरलेले आणि रिकामे पोहरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. येथे घर्षणाचा प्रश्नच बराचसा मिटतो, कारण वेग आवरण्यासाठी काही घासावेच लागत नाही. अर्थात अखेरचे पूर्ण थांबणे ठोकळ्यांनीच साधावे लागते.

आता पुन्हा माहूरकडे वळतो. माहूरला रेल्वे नाही. किनवट हे जवळचे स्टेशन. रेणुकेच्या आणि दत्तशिखराच्या डोंगरावर जाणारा यात्रेकरू मोटारीने नाहीतर पायी जातो. नवरात्रात आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला रस्ता कोरडा असतो. पण राखीपौर्णिमेची परिक्रमा श्रावणातली, आणि तेव्हा डांबरावर पाणी, पालापाचोळा आणि चाकांनी आणलेला चिखल असतो. रबरी चाकाची कोरड्या डांबरावरची पकड सुमारे ०.७ धरतात, ओल्यावर ०.४, आणि चिखलाच्या बुळबुळीत थरावर ०.२ किंवा त्याहून कमी. ताशी ४० किलोमीटरने जाणारी बस सपाटीवर अनुक्रमे ९, १६ आणि ३१ मीटरांत थांबेल. आता हीच बस दहास एक अशा उतारावर आणा. उतार प्रत्येक पकडीतून ०.१ काढून घेतो. कोरड्यावर फरक जाणवतही नाही, साडेदहा मीटर लागतात. ओल्यावर २१. चिखलावर मात्र ३१ चे ६३ होतात. आणि पकड ०.१ वर आली तर बस थांबणारच नाही, ब्रेक नवा कोरा असला तरी. उताराची वजाबाकी सर्वांना सारखी असली तरी ज्याच्याजवळ मुळात थोडे आहे त्याला ती निःशेष करते.

घसरत्या चाकाविषयी गॅल्टनने जे लिहून ठेवले होते ते सडकेवर येण्यास शंभर वर्षे लागली. चाक अडकू लागले की क्षणभर ब्रेक सैल करणारी आणि लगेच पुन्हा धरणारी यंत्रणा आज मोटारींत असते. आपल्याकडे २०१९ च्या एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. जुने चालक ओल्या रस्त्यावर पायाने ब्रेक दाबीत-सोडीत असत, तेच काम यंत्र सेकंदात अनेक वेळा करते. पण तापलेल्या ब्रेकला ते काही करू शकत नाही. १४ टनांची भरलेली बस २०० मीटर खाली उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर चाकांच्या लोखंडी ढोलांत इतकी उष्णता उतरते की २०० किलो लोखंड ३०० अंशांनी तापावे. काही उष्णता वाऱ्यावर जाते हे खरे, पण ढोल तापून फुगतो, अस्तराची पकड जाते, पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो, आणि बोरघाटातली ती अदृश्य रेषा येथेही ओलांडली जाते.

म्हणून चालक ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरतो. मग चाके इंजिनाला फिरवितात, इंजिन आत घेतलेली हवा दाबण्यात आणि स्वतःला फिरविण्यात ती शक्ती खर्च करते, आणि उष्णता ढोलांत न जाता रेडिएटरमधून आणि धुरातून बाहेर पडते. खेकडा इंजिन तारेत वीज सोडी, बस हवेत ऊन सोडते, तत्त्व एकच. काही गाड्या मात्र डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून सोडल्या जातात. इंजिन गुमान होते, गाडी हलकी धावते, आणि सगळा भार त्या चार-सहा ढोलांवर येतो. अशा रीतीने उतारावर डिझेल जवळजवळ वाचतच नाही.